मामांची ऑस्ट्रेलिया

पृथ्वीवर ऑस्ट्रेलिया नावाचा खंड देवानं केवळ पुरुषांच्या चड्ड्या शिवण्यासाठी निर्माण केला, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला माहीत आहे आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. त्या खंडात कांगारू असतात, गहू पिकतो, क्रिकेट खेळतात, हे मामांना ठाऊक होतं. पण ते सगळे जोडधंदे. मुख्य काम चड्डीचं. कुणी त्यांच्यासमोर ऑस्ट्रेलियाच्या फलंदाजांचं कौतुक केलं, की मामा चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "खेळणारच की ते. आत काय घातलंय ते बघा ना आधी!"

मामा सोलापूरच्या एका होजिअरी कारखान्यात एकतीस वर्षं कटिंग मास्तर होते. अर्ध्या जिल्ह्याचे बनियन आणि चड्ड्या त्यांच्या टेबलावर बेतल्या गेल्या. त्यामुळे माणूस भेटला की त्याचा चेहरा ते सगळ्यात शेवटी बघत. आधी शिवण बघत. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा मामा शेजारी बसले आणि बोलता बोलता त्यांनी माझ्या शर्टाची कॉलर मागून चाचपली. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच; नोकरीला लागून तीनच महिने झाले होते आणि तो शर्ट कॉलेजातला होता. झिजलेली कॉलर आईनं उसवून, उलटी करून पुन्हा शिवली होती. मामा आत गेले आणि म्हणाले ते मला दाराबाहेर ऐकू आलं, "कॉलर उलटवून घालणारा पोरगा आहे. टिकाऊ आहे. द्या मुलगी." माझी पदवी, माझे गुण, माझी कंपनी यांतलं काहीही त्या घरात कुणी पुन्हा विचारलं नाही. त्या एका वाक्याचं ऋण मी अजून मानतो, आणि पुढं मामांनी माझी जी काही शोभा केली ती मी आनंदानं सोसली ती त्यामुळेच.

ऑस्ट्रेलियाचं वेड कसं लागलं, ते मामा स्वतः सांगत. कारखान्याच्या मालकांनी एकदा मुंबईहून एक नमुना आणला. पोहण्याची पुरुषी चड्डी, निळीशार, तळहाताएवढी, ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा कंपनीची. मालक म्हणाले, "मास्तर, अश्शी करायची." मामांनी ती रीतसर उसवली. नऊ तुकडे निघाले. "एवढीशी वस्तू, जावईबापू, आणि नऊ तुकडे! आपल्या चड्डीत मोजून चार. मी परत जोडायला बसलो, तर आठच बसले. नववा कुठं जातो ते मला सापडलं नाही. एकतीस वर्षांत मी उसवलं आणि मला जोडता आलं नाही, असं एकदाच झालं." दुसरा एखादा कारागीर चिडला असता. मामा भक्त झाले. तो नववा तुकडा त्यांनी पाकिटात ठेवला, देवाच्या फोटोमागे. खंडेनवमीला कातर, टेप आणि मशीन यांच्या पूजेत ते तो तुकडाही मांडत. मामी कपाळावर हात मारून म्हणत, "अहो, देवापुढं चड्डी?" मामा म्हणत, "ते हत्यार आहे. त्यानं मला हरवलंय."

दोन हजार सहाच्या मार्चमध्ये मामा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, शॉमबर्गला आले. मामी तोवर गेल्या होत्या आणि ज्याच्यासाठी कातर चालवावी असं घरात कुणी उरलं नव्हतं. आल्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही त्यांना मॉलमध्ये नेलं. बाकीचे पाहुणे तिथल्या सरकत्या जिन्यांचे फोटो काढतात. मामा पुरुषांच्या अंतर्वस्त्रांच्या विभागात एकदम थांबले, जसं काही गर्दीत गावचं माणूस दिसलं. फळीवर त्यांची ऑस्ट्रेलिया होती! मामांनी आधी चपला काढल्या. मग हात रुमालाला पुसले. मग एकेक नग उलटा करून शिवणी बघायला सुरुवात केली. काउंटरवरची मुलगी धावत आली.

"कॅन आय हेल्प यू, सर?"

"तिला विचारा," मामा वर न बघता म्हणाले, "ही टीप कुठल्या मशीनवर मारलीय?"

"ही इज जस्ट लुकिंग," मी म्हणालो.

तेवढ्यात मामा ओरडले, "सापडला!" अख्ख्या विभागानं वळून पाहिलं. नववा तुकडा पुढच्या भागाच्या पोटात, दोन थरांच्या मधे होता. तो बाहेरून दिसतच नाही, नुसता भार तोलतो. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाकिटातला तुकडा काढून त्यांनी त्या जागी लावून पाहिला. मग खोक्यावर छापलेली शहरांची नावं माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. सिडनी, लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क. "बघा, जग कुठं गेलं," मामा म्हणाले. "अक्कलकोट नाही अजून. पण येईल." बायकोनं त्यांना दोन नग भेट दिले, एक पोहण्याचा आणि एक रोज आत घालायचा. दोन्ही मामांनी मुद्दाम त्याच निळ्या रंगाचे निवडले. हीच पुढच्या सगळ्या घोटाळ्याची सुरुवात.

तेव्हापासून आमच्या घरातला भूगोल बिघडला. "ताई, माझी ऑस्ट्रेलिया वाळली का?" असं मामा बाथरूममधून विचारत, तेव्हा दिवाणखान्यात कधी मराठी मंडळाचे अध्यक्ष बसलेले असत, तर कधी माझा मॅनेजर. बायको न चुकता उत्तर देई, "बाल्कनीत आहे, मामा." आमच्या मॅनेजरनं एकदा मला हळूच विचारलं, की तुझे अंकल तिकडं कधी होते का. मी म्हणालो, मनानं कायम.

आता पोहण्याचं सांगतो, कारण खरी गोष्ट तीच आहे. आमची सई तेव्हा सात वर्षांची होती. कॉम्प्लेक्समध्ये पोहण्याचा तलाव होता. तो मेच्या अखेरीस उघडे आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी बंद होई. जूनमध्ये तिच्या मैत्रिणीचा वाढदिवस तलावावर झाला. सगळ्या मुली खोल पाण्यात उड्या मारत होत्या आणि सई दोन तास पायरीवर पाय बुडवून बसली होती. घरी येऊन ती पांघरुणात शिरली. मी दुष्काळी गावातला. आमच्याकडे पाणी बादलीत बघायची सवय. बायकोचंही तेच. मामांनी पांघरुणाशेजारी बसून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "माझं विमान सप्टेंबरात आहे. तलाव बंद व्हायच्या आत तू त्या टोकाला पोचशील. मी तिकडं उभा राहीन. शब्द."

मामा विहिरीत पोहायला शिकले होते, पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या, तरंगणाऱ्या लाकडाचा बिंडा बांधून. शॉमबर्गात पांगारा नव्हता. पण दुधाचे प्लास्टिकचे कॅन होते. मामांनी चार रिकामे कॅन घेतले, माझ्या बायकोच्या जुन्या ओढणीचे पट्टे कापून, दुहेरी टीप मारून त्यांचा एक बिंडा शिवला आणि सईच्या पाठीला बांधला. दर पंधरवड्याला त्यातला एक कॅन ते सोडवत. घरात आम्ही सगळे मुकाट्यानं दूध पीत होतो, कारण कुठलासा कॅन फुटला तर राखीव असावा असा मामांचा हुकूम होता. सई घाबरत घाबरत हातपाय मारी आणि मामा शेजारी पाण्यात उलटे चालत ओरडत, "लाथ मार! पाण्याला लाज नसते, तू कशाला लाजतेस?"

लाज वाटण्यासारखं मात्र होतं. तिथले पुरुष पाण्यात उतरताना गुडघ्यापर्यंत येणाऱ्या ढगळ विजारी घालत. आमच्यासारखे नवे देशी लोक तर बनियनसकट उतरत. त्या सगळ्यांत साठीचे मामा, कपाळाला गंध, कमरेला करगोटा आणि तळहाताएवढी निळी ऑस्ट्रेलिया. मामांना त्या विजारींचा मनस्वी राग. "पाण्यात पडदे सोडून पोहतात," ते म्हणत. आपली बाजू बळकट करण्यासाठी त्यांनी एक वही केली. रोज सकाळी खुर्चीत बसून, कोण काय घालून उतरतं, ते देशवार टिपून ठेवायचे. मामांच्या बाजूचे, आखूड चड्डीवाले, थोडे निघाले: दुसऱ्या मजल्यावरचा ब्राझीलचा मुलगा, एक कोरियन इंजिनिअर, एक ग्रीक खानावळवाला. आणि सगळ्यांत वर, पोलंडचे एक आजोबा. हे आजोबा रोज सहा वाजता लाल रंगाची तीच ऑस्ट्रेलिया घालून येत. त्यांना मराठी येत नव्हतं, मामांना पोलिश येत नव्हतं, इंग्रजी दोघांनाही बेताचंच. तरी पहिल्याच दिवशी दोघांनी एकमेकांच्या कमरेचं इलॅस्टिक दोन बोटांनी ओढून पाहिलं, मान डोलावली आणि मैत्री झाली.

जुलै संपता संपता आमच्या दारावर कॉम्प्लेक्सच्या मॅनेजर बाईंचा कागद चिकटवलेला दिसला. अंतर्वस्त्रांत तलावात उतरणं नियमाविरुद्ध आहे. आपल्या घरातील ज्येष्ठ गृहस्थांनी पुढील सूचनेपर्यंत तलावावर येऊ नये. मी हादरलो. कुणी केली तक्रार? उत्तर आमच्या बाल्कनीत लटकत होतं. मामांनी पोहण्याची आणि आतली, दोन्ही निळ्या ऑस्ट्रेलिया कठड्यावर शेजारी शेजारी चिमटे लावून वाळत घातल्या होत्या. आमच्या गावाकडं आतले कपडे टॉवेलखाली लपवून वाळवतात. मामांना हे कधीच पटलं नाही. "चांगला माल झाकायचा कशाला?" समोरच्या इमारतीतून कुणीतरी तो जोड रोज बघत असणार आणि तलावावर तीच वस्तू चालताना बघत असणार. त्या बिचाऱ्याचा तर्क काही चुकीचा नव्हता.

सईच्या पाठीवर तेव्हा एकच कॅन उरला होता.

"मामा, आपण दुसरी घेऊ ना," बायको म्हणाली. "लांब विजार. महिन्याभराचा तर प्रश्न आहे."

"म्हणजे मी गुन्हा कबूल करायचा?" मामा म्हणाले. "जावईबापू, त्या बाईंची वेळ घ्या."

मॅनेजर बाईंच्या ऑफिसात मामा गेले ते स्टीलच्या ताटात दोन्ही ऑस्ट्रेलिया इस्त्री करून, घडी घालून, वर रुमाल झाकून. दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या. मी मागं वही घेऊन. बाईंना वाटलं फराळ आहे. त्यांनी हसून रुमाल उचलला आणि तो तसाच पुन्हा ठेवला.

"बाईंना म्हणावं, घाबरू नका, धुतलेल्या आहेत," मामा म्हणाले. मी हे भाषांतर केलं नाही.

मग मामांनी दोन्ही चड्ड्या टेबलावर उलट्या पसरल्या आणि एकतीस वर्षांचा कटिंग मास्तर बोलू लागला. ही आतली, ही पाण्याची. हिचं इलॅस्टिक उघडं, हिचं झाकलेलं. हिला आत नाडी आहे. समुद्राची लाट आली तर ही जागा सोडत नाही. आतल्या चड्डीला नाडी कशाला? दिवाणखान्यात लाटा येतात का? मी जमेल तसं इंग्रजी करत होतो आणि माझे कान तापले होते. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला यांतला एकही शब्द कुणी शिकवला नव्हता. शेवटी मामांनी दोन्ही पुन्हा ताटात ठेवल्या आणि तांब्या उचलला. बाईंनी घाईनं आपले कागद मागं ओढले. मामांनी दोन्हींवर थोडं थोडं पाणी ओतलं. आतली घटाघट प्यायली आणि काळीनिळी झाली. पोहण्याच्या चड्डीवर थेंब मोत्यांसारखे उभे राहिले आणि ताट कलतं करताच घरंगळून गेले.

"ही पाणी पिते, ही पाणी सोडते," मामा म्हणाले. "आता बाईंनीच सांगावं, मी काय घालून उतरत होतो."

बाईंनी उरलेला एक थेंब बोटानं ढकलून पाहिला. एवढ्यात दार उघडून पोलंडचे आजोबा आत आले. त्यांना कुणी बोलावलं होतं कोण जाणे. मामांनी खुणेनंच सांगितलं असणार. त्यांनी बाईंना लवून नमस्कार केला, शर्ट वर उचलला आणि पँटच्या वर बोटभर लाल पट्टा दाखवला. "फॉर्टी इयर्स आय स्विम," ते छातीवर हात ठेवून म्हणाले. "नोबडी राइट मी लेटर." मी वही उघडून ब्राझील, कोरिया, ग्रीस वाचून दाखवलं. बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलत होते. डोळे पुसून त्यांनी निकाल दिला. तलाव चालेल. बाल्कनी चालणार नाही.

घरी येताना मामांची छाती एवढी फुगली होती, की शर्टाच्या दोन गुंड्यांमधली टीप ताणलेली मलाही दिसली. सोलापूरच्या कारखान्यातल्या जुन्या मंडळींना फोन करून त्यांनी सांगितलं, "अमेरिकेत केस जिंकलो!"

दुसऱ्या दिवशी मामा तलावावर जायला तयार झाले आणि सई खोलीतून बाहेर येईना. सुट्टीला गेलेल्या तिच्या मैत्रिणी परत आल्या होत्या. दाराच्या फटीतून ती म्हणाली, "आजोबा, एव्हरीबडी लुक्स अॅट यू. कॅन यू जस्ट वेअर शॉर्ट्स? लाइक नॉर्मल पीपल?"

मामांना इंग्रजी फारसं येत नसे, पण 'नॉर्मल' हा शब्द त्यांना रक्तदाबाच्या रिपोर्टमुळे माहीत होता. त्यांनी निळी चड्डी खुंटीला लावली आणि पेपर वाचत बसले. ऑगस्टभर असंच चाललं. मामा सहाला पोलंडच्या आजोबांबरोबर पोहून येत आणि संध्याकाळी सई तलावावर गेली की घरी थांबत. तिला मी नेत असे, पण मी कडेला उभं राहून "लाथ मार" म्हणण्यापलीकडे काय करणार? शेवटचा कॅन तिच्या पाठीवरून सुटेना. तिचा हात सारखा मागं जाऊन तो चाचपत असे. मामा रोज रात्री जेवताना एकच विचारत, "कॅन?" मी नकाराची मान हलवी. ते ताटाकडे बघत.

तलाव बंद होण्याचा सोमवार उजाडला. सगळं कॉम्प्लेक्स पाण्याभोवती जमलं होतं. सईच्या मैत्रिणी खोल टोकाला उड्या मारत होत्या आणि सई पाठीला कॅन बांधून उथळ पाण्यात उभी होती. अचानक मला फाटकातून मामा येताना दिसले आणि मी दोनदा डोळे चोळले. त्यांनी माझी विजार घातली होती. तीन वर्षांपूर्वी घेतलेली, नारळाच्या झाडांची, गुडघ्याखाली चार बोटं येणारी, मी कधी न भिजवलेली. ती त्यांच्या कमरेला राहत नव्हती म्हणून वरून आमच्या पडद्याची दोरी बांधली होती. एक हात दोरीवर ठेवून मामा ताठ मानेनं सगळ्यांसमोरून चालत खोल टोकाला गेले. पोलंडचे आजोबा खुर्चीतून उठून उभे राहिले, जणू कुणाची प्रेतयात्रा चाललीय.

मामा पाण्यात उतरले आणि विजार पुरीसारखी टम्म फुगली. नारळाची झाडं त्यांच्या काखेपर्यंत वर आली. एका हातानं भिंत धरून, दुसऱ्या हातानं ती पुरी खाली दाबत ते ओरडले, "सई! मी टोकाला आहे! कॅन सोड आणि ये!"

मुली हसल्या. सगळेच हसले. सईनं आधी मैत्रिणींकडे पाहिलं, मग आजोबांकडे. विजार पुन्हा वर आली आणि मामांनी पुन्हा दाबली. मग सईनं मागं हात नेऊन ओढणीची गाठ सोडली. कॅन पाण्यावर एकटाच तरंगत राहिला आणि ती निघाली. मधे ती एकदा बुडाली, माझ्या बायकोनं माझ्या दंडाला नखं रोवली, मामा जागचे हलले नाहीत, फक्त "लाथ! लाथ!" ओरडत राहिले. ती वर आली. शेवटच्या दोन हातांत तिनं जवळजवळ गटांगळ्याच खाल्ल्या, आणि मग मामांच्या गळ्याला मिठी मारून, नाकातोंडातून पाणी गाळत, सगळ्या मैत्रिणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजोबा, नेक्स्ट इयर वेअर द ब्लू वन. दीज आर टेरिबल."

"काय म्हणते ती?" मामांनी मला विचारलं.

"पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलिया घाला म्हणते."

मामांनी तोंडावर पाणी मारून घेतलं, दोन-तीनदा.

चार दिवसांनी मामा सोलापूरला परतले. विमानतळाच्या घाईत पोहण्याची ऑस्ट्रेलिया आमच्या न्हाणीघराच्या दांडीवर राहिली. मामा फोनवर म्हणाले, "राहू दे. तशीही पुढच्या उन्हाळ्यात तिकडंच लागणार आहे." पण हिवाळ्यात त्यांचं हृदय कुरकुरायला लागलं आणि डॉक्टरांनी विमान बंद केलं. दर रविवारी फोन व्हायचा. मामा आधी सईच्या पोहण्याचं विचारत, ती आता शाळेच्या टीममध्ये होती, आणि मग ठरलेला प्रश्न, "इलॅस्टिक सैल पडलं का?" मी सांगायचो, "नाही मामा." ते म्हणायचे, "पडायचं नाही. माल चांगला आहे." पुढच्या श्रावणात मामा झोपेतच गेले. त्यांच्या पाकिटात देवाच्या फोटोमागे तो निळा तुकडा होता, असं मेव्हण्यानं कळवलं. त्याला ते काय आहे ते समजलं नव्हतं.

त्या वर्षी खंडेनवमीला बायकोनं पाटावर माझा लॅपटॉप, गाडीची किल्ली, स्वयंपाकघरातली सुरी असं मांडलं. सईनं आपला पोहण्याचा चष्मा आणून ठेवला. मग ती परत आत गेली आणि कपाटातून घडी घातलेली निळी चड्डी घेऊन आली. बायको म्हणाली, "अगं, देवापुढं?" सई म्हणाली, "इट्स अ टूल, आई. आजोबा सेड." मी हळदीकुंकवाची बोटं पुसली आणि एक फूल पुढं केलं. पाटावर ठेवण्याआधी सईनं ती दोन्ही हातांनी कानापासून कानापर्यंत ओढली आणि सोडून दिली. इलॅस्टिक टच् करून आपल्या जागी परत आलं. सई माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "बाबा, नाही पडलं."